कप्पी का काढली?

विद्यार्थी मित्रहो, साधी यंत्रे शिकताना कप्पी तुम्हांला भेटलेली आहे. स्थिर कप्पीमुळे बल वाचत नाही, फक्त बलाची दिशा बदलते, हे वाक्य परीक्षेत लिहून तुम्ही गुणही मिळवले असतील. धाराशिवच्या एका महाविद्यालयात मी हेच वाक्य गेली अठरा वर्षे शिकवीत आलो आहे. अशा माणसाने आपल्या घरात मोठ्या हौसेने टांगलेली कप्पी एका सव्वीस वर्षांच्या मुलीने पाच मिनिटांत उतरवायला लावली. ती का, हे सांगण्यासाठी हा लेख. त्यात माझे एक मतही आहे. ते तुम्हांला आणि तुमच्या शिक्षकांना पटते का, ते पाहावे.

माझ्या थोरल्या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणतो. ते कळंब तालुक्यात शेती करतात. २०२२ च्या ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू असताना एके सकाळी त्यांचा डावा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि डावा पाय उचलेना. 'अंगावरून वारं गेलं' असे आपल्याकडे म्हणतात. पुस्तकी भाषेत हा अर्धांगवायू. म्हणजे तेथेही वायू आहेच! वास्तविक वाऱ्याचा येथे काडीचाही संबंध नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की त्या भागातील चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मेंदूच्या उजव्या भागात असे झाले, तर शरीराची डावी बाजू जाते. गुठळी विरघळवण्याचे औषध आहे, पण ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. तात्यांचे ते साडेचार तास तेल चोळण्यात गेले आणि ते सोलापूरच्या रुग्णालयात पोहोचले दुसऱ्या दिवशी. (तोंड वाकडे होणे, उचललेला हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले तरी घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवा आणि रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या.)

हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा रोग आहे, अशी समजूत असेल तर तीही सोडावी. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत झालेल्या मृत्यूंची कारणे 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झालेला आढळला.

तात्यांचा जीव वाचला. खरे काम पुढेच होते. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. परंतु मेंदूचे शाबूत राहिलेले भाग त्यांचे काम थोडेफार उचलू शकतात, आणि सरावाने ही उचल वाढते. या सरावाची आखणी करणे हे भौतिकोपचाराचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या फिजिओथेरपीचे काम. तात्या आणि काकू तीन महिने आमच्याकडे धाराशिवला राहिले आणि ही मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली. काकू तिला डॉक्टरीणबाई म्हणत. ती दर वेळी 'मी डॉक्टर नाही' असे सांगे आणि काकू दर वेळी विसरत. शेवटी नुसते 'बाई' एवढे उरले, म्हणून मीही येथे बाईच म्हणतो.

बाई पहिल्यांदा यायच्या आदल्या रविवारी मी कप्पी टांगली होती. झोपाळ्याच्या कडीला कप्पी, तिच्यावरून सुती दोर, दोराच्या दोन्ही टोकांना मुठी. तात्यांनी चांगल्या उजव्या हाताने दोर खाली ओढला की लुळा डावा हात वर जाई. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोंचा, म्हणजे अदमासे ३० न्यूटन. घर्षण धरूनही उजव्या हाताला सहज पेलेल एवढे बल. मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

"सर, ही आधी काढा," बाई म्हणाल्या.

"का बरं?" माझ्या आवाजात थोडा तोरा होताच.

त्यांनी तात्यांच्या खांद्यावर बोट ठेवले. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू आहे. त्याला जागेवर धरून ठेवतात ते मुख्यतः भोवतालचे स्नायू. हात डोक्यावर नेताना एकटे दंडाचे हाड फिरत नाही. पाठीवरचे खांद्याचे पातेही वर वळते. साधारणपणे तीन अंश हात उचलला, तर त्यातले दोन अंश दंडाचे आणि एक अंश पात्याचा. अर्धांगवायूत पाते फिरवणारे स्नायू निपचित झालेले असतात. दोर दंडाला ओढतो, पाते मात्र मागे राहते. मग चेंडू आणि त्याच्यावरचे हाडाचे छत यांच्यामध्ये मऊ भाग चिमटले जातात. माझ्या आकृतीत बल होते, दिशा होती, पण सांधा हा केवळ एक बिंदू होता. पाठ्यपुस्तकात तो तसाच असतो!

आता हा झाला तर्क. तर्क माझ्याकडेही होता. दोन तर्कांपैकी खरा कोणता, हे कसे ठरवायचे? बाईंनी मोबाइलवर एका जुन्या अभ्यासाचा सारांश काढून दाखवला. १९९० साली एका अमेरिकी वैद्यक नियतकालिकात तो आला होता. अर्धांगवायूच्या २८ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाचा हात उपचार करणाऱ्याने स्वतः धरून हलवायचा, दुसऱ्याने हात चाकांच्या फळीवर ठेवून सरकवायचा, तिसऱ्याने डोक्यावरच्या कप्पीने वर ओढायचा. खांदेदुखी जडली ती पहिल्या गटात सुमारे ८ टक्के रुग्णांना, दुसऱ्यात १२ टक्के आणि कप्पीच्या गटात ६२ टक्के.

मी लगेच हरकत घेतली. "अहो, २८ माणसे म्हणजे एकेका गटात आठ-दहा. एवढ्यावर टक्केवारी काढायची?"

"खरंय सर. अठ्ठावीस जणांवरून मी नियम नाही करणार," बाई म्हणाल्या. "पण हात हलवायचे दुसरे रस्ते आहेत, त्यात एवढा त्रास दिसलेला नाही. मग कप्पीच कशाला?"

मित्रहो, या उत्तरावर मी आजही विचार करतो. 'संशोधन सांगते म्हणून' असे त्या म्हणाल्या नाहीत. पुरावा लहान आहे हे त्यांनी माझ्याआधी मान्य केले. चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला झालेली परवडेल, हे पाहिले. दुसरा मार्ग हाताशी आहे का, हे पाहिले. समोरचा रुग्ण त्या २८ जणांसारखा आहे का, हे तर खांदा तपासताना त्यांनी आधीच पाहून ठेवले होते. पुरावा वापरणे म्हणजे हेच, आणि माझ्या मते ते पुरावा वाचण्यापेक्षा अवघड आहे.

कप्पी उतरली. त्या जागी आठवडाभरात दुसरे एक साधन आले, तेही आपल्याच विषयातले: साधा सपाट आरसा. आरसा छातीसमोर उभा धरायचा, लुळा हात त्याच्या मागे लपवायचा आणि चांगला हात पुढे ठेवून आरशात पाहत हलवायचा. परावर्तनात डावे-उजवे बदलते, हे तुम्ही शिकलाच आहात. त्यामुळे उजव्या हाताची प्रतिमा डाव्या हातासारखी दिसते आणि लुळा हात हलत असल्याचा भास होतो. भारतात जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात तुटलेल्या माणसांच्या 'नसलेल्या' हाताच्या वेदनांसाठी ही युक्ती प्रथम वापरली. १९९९ मध्ये अर्धांगवायूच्या अवघ्या नऊ रुग्णांवर ती करून पाहण्यात आली. नऊ म्हणजे काहीच नाही. पण पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि २०१८ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने ६२ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हाताच्या हालचालीला या उपायाची बऱ्यापैकी मदत होते असे दिसले. तात्यांचे मत निराळे होते. "हा जत्रेतला जादूचा खेळ हाय," ते म्हणाले. पण रोज वीस मिनिटे बसत मात्र.

आता एका अवघड प्रश्नाकडे येतो. तात्यांना भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा एक उपाय घेऊन येई. कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगे, कोणी अमुक गावचा काढा, कोणी विजेचे चटके देणारे यंत्र. आणि प्रत्येकाकडे एक साक्षीदार असे: "आमचा मेहुणा महिन्यात चालायला लागला की!" हे साक्षीदार खोटे बोलत नसत. मेहुणा खरेच चालू लागलेला असे. मग कबुतर खरे का?

कोपनहेगन येथे १,१९७ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला व १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जी सुधारणा व्हायची ती बहुतेकांत पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. मेंदूभोवतीची सूज ओसरते, अर्धमेल्या चेतापेशी पुन्हा कामाला लागतात, म्हणून या काळात पुष्कळशी सुधारणा आपोआपच होत असते. या तीन महिन्यांत तुम्ही रुग्णाला कबुतर द्या, काढा द्या, यंत्र लावा किंवा माझी कप्पी द्या, तो काही अंशी सुधारणारच, आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळणार. हीच फसगत शिकलेल्या उपचारकाचीही होऊ शकते, हे ध्यानात घ्या. शंभर रुग्ण सुधारलेले डोळ्यांनी पाहिले तरी कशाने सुधारले हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ज्यांचा खांदा कप्पीने दुखावला ते दवाखान्यात येणेच बंद करतात. त्यांची नोंद अनुभवात होत नाही. म्हणून दोन सारखे गट करायचे, कोणी कोणत्या गटात जायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, एकाला उपाय द्यायचा व दुसऱ्याला नेहमीचे उपचार चालू ठेवायचे, आणि शेवटी मोजायचे, हा खटाटोप करावा लागतो. आपोआप होणारी सुधारणा दोन्ही गटांत सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते.

चिठ्ठ्या टाकल्यावर भल्याभल्या समजुती कोसळतात. बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने १९४० च्या दशकापासून लंडनमध्ये एक उपचारपद्धती घडवली आणि जगभरच्या भौतिकोपचारकांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या. २००९ मध्ये १६ चाचण्यांचा, एकूण ८१३ रुग्णांचा आढावा घेतला गेला. इतर पद्धतींपेक्षा ती सरस असल्याचे आढळले नाही. रुग्णाला लवकरात लवकर उठवावे हे तर कोणीही सांगेल. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील २,१०४ रुग्णांच्या एका चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची प्रगती चांगली झाली आणि नेहमीच्या गतीने घेतलेल्यांपैकी ५० टक्क्यांची. (म्हणून रुग्णाला पंधरा दिवस निजवून ठेवावे, असा अर्थ मात्र काढू नये, दुसरा गटही फार उशिरा उठला नव्हता.) आणि एका शहरातील एका दवाखान्याचे गुळगुळीत माहितीपत्रक आमच्या घरी आले होते, मूलपेशींच्या इंजेक्शनाचे, रक्कम अशी की तात्यांना एक एकर विकावे लागले असते. भारतातीलच पाच केंद्रांत १२० रुग्णांवर रक्तशिरेतून मूलपेशी देऊन चाचणी झाली होती व २०१४ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता: फायदा नाही. माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता.

परंतु मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्याच एका चाचणीने. आपल्या देशात रुग्ण फार आणि भौतिकोपचारक थोडे. खेड्यात तर जवळजवळ नाहीतच. तेव्हा घरच्याच माणसाला नीट शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले तर? किती सरळ, स्वस्त आणि आपल्या कुटुंबपद्धतीला शोभणारी कल्पना! मी तर चाचणीवाचूनच तिच्या बाजूने मत दिले असते. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेऊन ही कल्पना तपासण्यात आली. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांबरोबर घरच्या माणसाचे खास प्रशिक्षण. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मरण पावलेले अथवा परावलंबी राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ४७ टक्के. दुसऱ्या गटातही ४७ टक्के.

या दोन आकड्यांपुढे थोडा वेळ थांबा. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ही चाचणी केली, त्यांनाही कल्पना यशस्वी व्हावी असेच वाटत असणार. तरी त्यांनी जे आले ते छापले. प्रयोगवहीत 'जी' ची किंमत ९.८ यावी म्हणून लंबकाचे आकडे मागाहून 'बसवणारे' विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो, आणि खरे सांगायचे तर ते बसवलेले आकडे पाहून गुण देणारे आम्ही शिक्षकही त्यात सामील असतो. ४७ आणि ४७ हे आकडे प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे मला वाटते.

पण धाराशिवच्या भौतिकोपचारकाने या निकालाचे करायचे काय? घरच्यांनी काहीच करू नये, असा अर्थ एखादा काढील. तो चुकीचा आहे, कारण नेहमीचे उपचार दोन्ही गटांना होतेच, तपासली गेली ती वरची भर. एखादा म्हणेल, हा निकाल आपल्याला सोयीचा नाही, सोडून द्या. हे तर अधिकच चूक. बाईंनी काय केले ते सांगतो. काकू तेव्हा पहाटे पाचला उठून तात्यांचे अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे आणि त्यावर दोन तास व्यायाम करून घेणे, असे सर्व करीत. अभ्यासांत 'कुटुंब' असा शब्द असतो. आपल्याकडे कुटुंब म्हणजे बायको, सून किंवा लेक. बाईंनी काकूंना समोर बसवून सांगितले, "काकू, व्यायाम तुम्ही नाही घ्यायचे. तो भार तुमच्यावर टाकून आजोबा लवकर बरे होतात असं दिसलेलं नाही. तुम्ही फक्त दोन गोष्टी करा. त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, आणि जे त्यांना स्वतःला करता येतं ते त्यांच्यासाठी करू नका." काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. तात्या बरे होत नाहीत ते आपण कमी पडतो म्हणून, असे ती माउली दीड महिना मनाशी धरून बसली होती. फायदा नसल्याचा पुरावा एवढ्या कामाचा असू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

मग व्यायाम कोणता? येथे पुन्हा आकडे येतात. मेंदूला इजा झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत दिवसाला चारशे ते सहाशे वेळा हालचाल करून घेतली, तेव्हा मेंदूतील बदल दिसले. अमेरिका व कॅनडातील दवाखान्यांत प्रत्यक्ष बसून मोजले, तर एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी फक्त ३२ भरल्या. हा अभ्यास २००९ चा. तुम्ही म्हणाल, मग वाढवा की! तसेही करून पाहिले गेले. २०१६ मधील एका चाचणीत ८५ जुन्या रुग्णांना निरनिराळ्या मात्रांचा, हजारो आवर्तनांचा सराव दिला. मात्रा जास्त म्हणून फायदा जास्त, असे काही निघाले नाही. म्हणजे ३२ फार थोडे असावे, पण नेमके किती हवे याला सूत्र नाही. चांगला हात बांधून ठेवून लुळ्यालाच कामाला लावण्याची एक पद्धत आहे. २०० हून अधिक रुग्णांवर तिची चाचणी २००६ मध्ये यशस्वी ठरली. मी ती सुचवली, तेव्हा बाईंनी विचारले, "आजोबांचं मनगट आपलं आपण वर होतं का?" होत नव्हते. त्या चाचणीत घेतलेल्या रुग्णांना निदान थोडे मनगट व बोटे स्वतः उचलता येत होती. निष्कर्ष खरा होता, पण तो तात्यांबद्दल नव्हता.

जानेवारीत मनगट थोडे उचलू लागले, तेव्हा बाईंनी खुंट्या खोचायच्या फळीऐवजी भुईमुगाच्या शेंगा मागवल्या. शेंग फोडायला दोन्ही हात लागतात, बोटांच्या चिमटीत बळ लागते, आणि टरफले मोजली की आवर्तनांचा आकडा मिळतो. पहिल्या दिवशी ४० शेंगा, पंधरा दिवसांनी १५०. तात्यांनी जन्मभर शेंगा फोडल्या आहेत. त्या फळीतल्या खुंट्यांना ते हातही लावीत नव्हते. विडा लावण्याचाही सराव होता, पान पुसून चुना लावून घडी घालेपर्यंत. तंबाखू मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी बंद केली होती.

आणि येथेच माझ्या मताचा मुद्दा येतो. महिनाअखेरीस काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "यंत्र न्हाई, तार न्हाई, नुसत्या शेंगा फोडायला लावल्या. त्याचे पैसे द्यायचे व्हय?"

भौतिकोपचारक संशोधन वाचत नाहीत, जुन्याच पद्धती चालवतात, अशी तक्रार विद्वान मंडळी करतात. २००३ मध्ये अमेरिकेतील ४८८ भौतिकोपचारकांना विचारले होते. पुरावा वापरावा असे बहुतेकांना वाटत होते, सर्वांत मोठी अडचण होती वेळेची. हे तेथले. आपल्याकडे एका दिवसात किती रुग्ण, पुष्कळ लेखांचा फुकट वाचता येतो तो सारांशच, तोही इंग्रजीत, आणि ज्या रुग्णाला आठवड्यातून पाच वेळा या म्हणायचे त्याला एका खेपेला एस. टी. चे भाडे आणि घरच्या एका माणसाची मजुरी मोजावी लागते. तरीही माझे म्हणणे असे, की सर्वांत मोठी अडचण काकूंच्या त्या प्रश्नात आहे. म्हणजे आपल्यात आहे. यंत्राला पैसे आणि विचाराला नाही, असे आपणच ठरवून टाकले आहे. 'याचा उपयोग होतो असे दिसलेले नाही, म्हणून मी हे करणार नाही' असे म्हणणाऱ्या उपचारकाकडून उठून आपण शेजारच्या चकचकीत दवाखान्यात जातो. मग त्याने यंत्र आणले तर दोष कोणाचा?

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. नववी-दहावीत न्यूटनचे नियम शिकवता तसे एक तास चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्याचेही शिकवावे. वर्गातच करता येईल: पाठांतर मोठ्याने केलेले बरे की लिहून? मुलांना आधी पैज लावू द्या, मग मोजा, आणि फरक न निघाल्यास तसे फळ्यावर लिहा. जिल्हा रुग्णालयांतील उपचारकांना आठवड्यातून दोन तास वाचनासाठी मोकळे द्यावेत, असेही माझे मत आहे. चाचण्यांची गुण देऊन केलेली एक सूची १९९९ पासून सिडनीहून विनामूल्य उपलब्ध आहे, ती उघडायला निदान वेळ तरी हवा. आणि तुम्ही, मित्रहो, घरात कोणी आजारी पडले तर उपचार करणाऱ्याला नम्रपणे विचारा: हे का? उत्तर देणारा रागावला, तर तेही एक उत्तरच आहे.

काकूंना मी काय सांगितले? पैसे दिले, आणि टरफलांचे आकडे दाखवले. त्यांना कितपत पटले, कोण जाणे.

बाई आणखी एक गोष्ट करीत, ती आपल्या विषयातली आहे. आमच्या अंगणात तुळशीवृंदावनापासून फाटकाच्या दिशेने रांगोळीने दहा मीटरची रेघ आखली होती. तात्यांनी काठी घेऊन चालायचे, मी थांबघड्याळ धरायचे. अंतर भागिले वेळ! सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा वेग कमी असेल तर माणूस बहुधा घरातच अडकतो, ०.८ च्या वर गेला तर गावात मोकळेपणी फिरू शकतो, असा एक ढोबळ अंदाज १९९५ पासून वापरात आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तात्यांना दहा मीटरला ३२ सेकंद लागले, म्हणजे ०.३१. जानेवारीच्या अखेरीस १९ सेकंद, म्हणजे ०.५३.

मी आकडा वाचून दाखवला तेव्हा तात्या काठीवर रेलून उभे होते. त्यांनी बाईंना विचारले, "यातलं तुमच्या कसरतीनं किती, अन् आपसूक किती?"

"आजोबा, ते तुमच्या एकट्यावरून मला कधीच नाही सांगता येणार."

"मग मोजता कशाला?"

"पुढच्या महिन्यात आकडा थांबला तर कळावं म्हणून. थांबला तर मी कसरत बदलीन."

तात्यांनी थोडा विचार केला. मग काठी सावरून ते पुन्हा वृंदावनाजवळ जाऊन उभे राहिले.